धुतल्या तांदळाची पानं

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

उद्यापासून विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात. वाचनालयात पेपरांच्या टेबलाभोवती आज जागा नव्हती. एक निवृत्त गृहस्थ आपल्या उमेदवाराबद्दल छातीठोकपणे म्हणाले, ‘‘आमचा माणूस धुतल्या तांदळासारखा आहे हो.’’ टेबलावरचे सगळे हसले. त्यांचे स्वतःचे पक्षवालेसुद्धा.

गंमत अशी की त्यांनी गंभीरपणेच म्हटलं होतं. पण या वाक्प्रचाराची आता अशी गत झाली आहे की नकाराशिवाय त्याला चालताच येत नाही. ‘तोही काही धुतल्या तांदळाचा नाही’ हे त्याचं आजचं नैसर्गिक रूप. होकारार्थी वापरलात की ऐकणाऱ्याला तो टोमणाच वाटतो. मी शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात हा हटकून यायचा. अर्थ : निष्कलंक चारित्र्याचा असणे. उपयोग : लालबहादूर शास्त्री धुतल्या तांदळासारखे होते. वर्षानुवर्षं सगळ्या वह्यांत शास्त्रीजीच. वर्गातल्या चाळीस-पन्नास पोरांना दुसरं नाव सुचू नये यात भाषेचा दोष किती आणि देशाचा किती, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

आता तांदूळ धुतला की नाही हे कागदावरही सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं. त्याला फॉर्म २६ म्हणतात. २०१८ च्या निकालानंतर तर गुन्ह्यांची माहिती वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जाहीर करायची, तीही तीनदा. येते काही दिवस पेपरांत बारीक टायपातल्या त्या जाहिराती दिसतील. शेजारीच त्याच उमेदवाराचा पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला पान भरून फोटो असेल. पांढरा रंग चार रंगांत छापायला किती पैसे पडतात कोण जाणे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

अनारशाचे तांदूळ भिजत घातले. मराठी घरात तांदूळ खऱ्या अर्थाने ‘धुतला’ जातो तो अनारशांसाठी आणि मोदकाच्या पिठीसाठी. रोजच्या भाताचे आपण नुसते खळबळून घेतो.

पहिलं पाणी दुधासारखं निघालं. त्यावर दोन-तीन कोंडे आणि एक मेलेला सोनकिडा. दुसरं पाणी ताकासारखं. तिसऱ्याला पातेल्याचा तळ दिसायला लागला. त्याच्याही पुढे धुवत गेलं तरी थोडी पांढुरकी झाक राहतेच, कारण ती घाण नसते, तो तांदूळच असतो. दाण्यावर दाणा घासून निघालेलं त्याचं पीठ. म्हणजे पाणी अगदी नितळ होईपर्यंत तांदूळ धुवायचा हट्ट धरला तर शेवटी धुवायला तांदूळ उरणार नाही. चारित्र्याच्या बाबतीत असा हट्ट धरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरात राहणं सोपं नसतं.

आता तीन दिवस रोज पाणी बदलायचं. वहिनींचा सकाळीच फोन : ‘‘पाणी बदलायला विसरू नका हं वन्सं, नाहीतर घरभर वास सुटेल.’’ खरं म्हणजे पाणी बदललं तरी वास सुटतोच. तीन दिवस धुतलेला तांदूळ आंबूस होतो, आणि तो तसा व्हावा म्हणूनच भिजवायचा. त्याशिवाय अनारशाला जाळी पडत नाही. वाक्प्रचार ज्याने केला त्याने या तिसऱ्या दिवसाच्या पातेल्यात नाक घातलं नसावं.

धुवण मात्र आमच्याकडे मोरीत जात नाही. कुंडीतल्या मोगऱ्याला घालते. आयुर्वेदात त्याला तंडुलोदक म्हणतात, आणि पुष्यानुग चूर्णासारखं बायकांच्या अंगावर जाण्यावरचं औषध मध आणि तंडुलोदकाबरोबर घ्यायला सांगितलं आहे. तांदळाने टाकलेलं औषधाच्या कामी येतं, हे धुतल्या तांदळाची थोरवी सांगणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

केळवणे गावात ओळखीच्या घरी गेले होते. खाडीकडची शेतं, कापणी चाललेली. उडवी रचायला अजून वेळ आहे, पेंढे बांधावर आडवे पडलेले. भाताच्या ओल्या पेंढ्याचा वास आमच्या पनवेलच्या बाजारात कधीच येत नाही. तिथे तांदूळ गोणीतच जन्माला येतो असं वाटतं.

घरातल्या म्हाताऱ्या आजींना मी वाचनालयातली गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘बाय, तांदूल मंग धुवाल. आधी जमीन धुवाया लागते.’’

खाऱ्या जमिनीचं हेच आहे. उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ वर येतं, भेगाळलेल्या खाचरांवर पांढरा पापुद्रा धरतो. दुरून पाहिलं तर किती स्वच्छ दिसतं! आणि तोच पांढरेपणा पिकाचा काळ. जूनचे पहिले जोरदार पाऊस ते मीठ धुऊन खाली नेतात, उघाडीतून पाणी खाडीला सोडून देतात, मगच रोप लावायचं किंवा मोड आलेलं बी फेकायचं. त्याला रहू म्हणतात. पाऊस लांबला की धुणं लांबतं, आणि धुणं लांबलं की वर्ष गेलं. बांधाला खांड पडून भरतीचं पाणी आत शिरलं तर त्याहून वाईट, धुतलेलं सगळं परत खारट. बांध धरून ठेवणं हे इथे गावकीचं काम, एकट्याच्या खाचराची शुद्धता अशी काही भानगडच नाही. शेजाऱ्याकडे खांड पडली की तुमचं शेतही गेलं.

यासाठीच पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. त्यांनी मीठ सोसणारे भाताचे वाण काढले, त्यांची नावंच पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. गावाचं नाव तांदळाला मिळालंय हे गावातल्या किती जणांना माहीत असेल? मला स्वतःला ते एका शेतकऱ्याने सांगितलं. नवी मुंबईच्या विमानतळाखाली गेलेली बरीचशी जमीनही अशीच, खाडीकाठची. याच महिन्याच्या ११ तारखेला तिथे हवाई दलाचं पहिलं विमान उतरलं, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला. आजींनीही पाहिला. ‘‘आता थं पाऊस पडला तं कोनाचा मीठ धुवल?’’ एवढंच म्हणाल्या.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

माळा काढला. जळमटं, जुने पेपर, एक गंजलेला स्टोव्ह.

झाडताना डोक्यात एकच शब्द घोळत होता, शौच. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत तो आहे, सोळाव्यात दैवी संपत्तीत आहे. पतंजलींच्या नियमांत पहिलाच. आतली-बाहेरची निर्मळता असा त्याचा अर्थ, आणि ज्ञानोबांनी त्याच्यावर ओव्यामागून ओव्या लिहिल्या. आणि आपण? आपण शौचास जातो. हा केवढा मोठा शब्द पार परसाकडे पोचला! एके काळी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. ज्या शब्दाला रोज सकाळी काम आहे तो शब्द जिवंत आहे, नाहीतर शुचिर्भूत बघा, लग्नपत्रिकेतही सापडत नाही.

निर्मळचंही तसंच झालं. केंद्र सरकारने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, उघड्यावर कुणी बसत नाही अशा गावांसाठी. त्याच्या आधीच आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं होतं, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना. गावोगाव भिंती रंगल्या, फलक लागले, आणि ‘निर्मल’ म्हटलं की लोकांना संडास आठवायला लागला. सरकारी कागदावर या शब्दाला एवढं ठोस काम त्याआधी कधी मिळालं नसेल.

गाडगेबाबांना हे आवडलं असतं. शेणगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. दिवसा रस्ता, रात्री डोकी. निर्मळपणावर त्यांनी प्रवचन दिलं नाही असं नाही, पण क्रम उलटा कधी केला नाही.

(निरमा पावडरचं नाव निर्मळवरून आलं असं मी कैक वर्षं मुलींना बिनदिक्कत सांगत असे, तसं बहुतेकांना वाटतंच. ते नाव करसनभाई पटेलांनी आपल्या निरुपमा नावाच्या मुलीवरून ठेवलेलं आहे.)

३१ ऑक्टोबर, गुरुवार. नरकचतुर्दशी

पहाटे उटणं, कारीट, पहिला फटाका लाइनीतल्या कोणा पोराचा साडेचारला.

अनारसे झाले. पीठ चार दिवस गुळात मुरलेलं, खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे. वहिनी कढईपाशी, मी झाऱ्यापाशी. वहिनींचा दुसऱ्या घाण्याचा अनारसा ‘हसला’. म्हणजे तुपात पडताच भुरभुरत पसरला आणि कढईभर त्याचे तुकडे झाले. पीठ जास्त मोकळं झालं की असं होतं. स्वयंपाकघरातल्या बिघाडाला हसणं म्हणणारी दुसरी कुठली भाषा असेल तर मला ती शिकायची आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी संपली, पोटं बिघडली. औषधाच्या दुकानात अविपत्तिकर चूर्ण घेताना बाटल्यांवर ‘श्री धूतपापेश्वर’ वाचलं. आयुष्यभर वाचत आले, पण आज थांबून वाचलं.

पनवेलचीच कंपनी ही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे सुरू केली. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, त्यानंतर अवघी वीस वर्षं. नाव घेतलंय ते राजापूरजवळच्या धोपेश्वरच्या महादेवाचं. धूतपापेश्वर लोकांच्या तोंडी धोपेश्वर झाला, कोकणात देवाच्या नावालाही घासून पुसून वापरतात. यातला ‘धूत’ मात्र ‘धुतलेला’ नाही, तो ‘धौत’ वेगळा. धूत म्हणजे झटकलेला, झाडून टाकलेला. ओलं कुत्रं अंग झाडतं तसं पाप झटकून टाकायचं. पाणी नको, साबण नको. देवाच्या बाबतीत हे शक्य असावं.

कारखान्यात मात्र झटकून भागत नाही. तिथे शोधन करावं लागतं. लेबलावर ‘शुद्ध गंधक’, ‘शुद्ध गुग्गुळ’ असं लिहिलेलं असतं ना, त्या ‘शुद्ध’मागे एक सबंध खटाटोप असतो. गंधक तुपात वितळवायचा, दुधाच्या भांड्यावर फडकं बांधून त्यातून गाळून दुधात सोडायचा, धुवायचा, परत वितळवायचा. बिब्बे विटकरीच्या चुऱ्यात घोळून घासायचे म्हणजे त्यांचं अंगावर फोड उठवणारं तेल उतरतं. आणि बचनाग, जहाल विष, तो तीन दिवस गोमूत्रात भिजवायचा, रोज गोमूत्र बदलून. हे वाचताना मला पातेल्यातले तांदूळ आठवणं साहजिक होतं. फरक एवढाच की शोधन केलेला बचनाग विषच राहतो, फक्त माणसाच्या उपयोगाला येण्याइतका आवरतो. वैद्यकातल्या ‘शुद्ध’ला निष्कलंकपणाची हाव नाही. त्रास देऊ नये एवढी शुद्धता त्याला पुरते.

मला ही व्याख्या फार पटली. ‘पवित्र’चंही मूळ असंच हाताला काम लावणारं आहे. वेदांत पवित्र म्हणजे सोमरस गाळायची मेंढीच्या लोकरीची गाळणी. आधी गाळणी पवित्र होती, मग तिच्यातून गाळलेलं पवित्र झालं, आणि पुढे कशातूनही न गेलेलं सोवळ्यातलं सगळंच पवित्र ठरलं. गाळणी हरवली ती हरवलीच.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सोवळ्याबद्दल लिहायचं टाळत होते. आज लिहिते.

आमच्या आजीकडे एक कद होता आणि आजोबांचा मुकटा. रेशमाला विटाळ कमी, लोकरीच्या धाबळीला तर त्याहून कमी, असा हिशेब. सुती लुगडं रोज धुवायचं, पिळायचं, काठीने उंच वलणीवर वाळत घालायचं, आणि वाळेपर्यंत कुणाचा हात लागता कामा नये. लागला की परत पाण्यात. कद मात्र महिनोन्‌महिने न धुता सोवळा. लहानपणी मी विचारलं होतं, रोज धुतलेलं लुगडं ओवळं आणि न धुतलेला कद सोवळा हे कसं? आजी म्हणाली, ‘‘जास्त शहाणपणा नको.’’ उत्तर तिच्याजवळही नव्हतं, पण प्रश्न तिलाही पडला असणार, कारण ती पुढे हसली.

म्हणजे आपल्याकडे शुद्धतेचे दोन हिशेब शेजारी शेजारी नांदले. एक धुण्याचा : घाण लागते, काढता येते, उद्या पुन्हा लागेल, उद्या पुन्हा काढू. दुसरा न शिवण्याचा : कुणी शिवलं नाही म्हणजे शुद्ध. दोन्ही हिशेब तांदळातच आहेत. पहिल्याचा तांदूळ धुतलेला. दुसऱ्याच्या अक्षता. अक्षत म्हणजे न मोडलेली. अक्षतांना कणी चालत नाही, दाणा सबंध हवा, मग धुतला नसला तरी चालतो, वर कुंकू चोळतातच. कणी धुऊन कितीही पांढरी केली तरी तिच्या अक्षता होत नाहीत. गरिबाघरी पेज तिचीच होते.

दुसऱ्या हिशेबाची किंमत बायकांनी मोजली. ‘सोवळी’ हा शब्द बाईला लावला की त्याचा अर्थ शुद्ध असा राहत नसे. डोकं भादरलेली, लाल आलवणातली विधवा म्हणजे सोवळी. ‘तिला सोवळी केली’ म्हणजे न्हाव्यापुढे बसवली. ह. ना. आपट्यांची यमू ज्यांनी वाचली आहे त्यांना हे वाक्य सरळ वाचता येत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती, आणि घराघरांतून वाचली जात होती. ज्या घरांत ती वाचली जात होती त्यांतल्या कित्येक घरांत माजघरात एक सोवळी बसलेली असणार. शुद्धतेचा शब्द शिक्षेचा शब्द झाल्याचं याहून वाईट उदाहरण मला मराठीत आठवत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिकी एकादशी

उपास. साबुदाणा. टीव्हीवर पंढरपूरची महापूजा.

नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. चोखामेळा मंगळवेढ्यात कुसू बांधताना ते कोसळून १३३८ साली गेले. घराण्यातली नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. भाऊ चोखा, म्हणजे चोख, अस्सल. बहीण निर्मळा. ज्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी, ज्यांची सावली नको, त्या घरात ही नावं. आईबापांनी ठेवताना मनात काय होतं हे सांगायला कुणी नाही. पण पुढे ज्या माणसांनी त्यांना दूर ठेवलं, त्यांना हाक मारताना दर वेळी ‘निर्मळे’ असंच म्हणावं लागलं असेल.

चोखोबांची बायको सोयराबाई. तिच्या अभंगातला युक्तिवाद मी वर्गात वकिली भाषेत सांगायची : विटाळ देहाचा म्हणता ना, मग प्रत्येक देह विटाळातूनच जन्मला, तेव्हा विटाळ नसलेला देह हजर करा. सातशे वर्षं झाली, समोरच्या पक्षाने अजून हजर केलेला नाही. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं ते १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री झोप लागेना म्हणून महाडचं वाचत बसले. महाड आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा जिल्हा कुलाबा होता. एस. के. बोल्यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, प्रत्यक्षात नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या.

तळ्यात शेण कालवून पाणी शुद्ध होतं हे ज्यांना पटलं, त्यांच्या शुद्धतेत पाण्याचा काही संबंध नव्हता हे उघड आहे.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. त्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात निवळीचा दृष्टांत आला आहे हे योगायोगाने मला ठाऊक होतं. निवळीची बी माठाच्या आतून उगाळून लावली की गढूळ पाण्यातला गाळ तळाला बसतो. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी लाल आलं की आमच्याकडेही पूर्वी निवळी नाहीतर तुरटी फिरवत. तर तिथे म्हटलंय ते असं की नुसतं निवळीचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. संन्याशाची बाहेरची चिन्हं म्हणजे धर्म नव्हे, हे सांगायला तो दाखला आहे. १०८ घागरीवाल्यांनी आपल्या ग्रंथातला निदान एवढा एक श्लोक तरी वाचायला हवा होता.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. तळं सगळ्यांचं ठरलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. शाळेत रांग होती, पण पुढे सरकत होती. बोटाला शाई. १९६२ च्या निवडणुकीपासून ही म्हैसूरच्या कारखान्याची शाई येते, त्यात चांदीचा क्षार असतो, उन्हात काळी पडते आणि नखासोबतच वाढून जाते. घरी आल्यावर भांडी घासली, कणीक मळली, काही फरक नाही. आज जिथे तिथे माणसं डाग दाखवत फोटो काढत होती. वर्षातून, नाही, पाच वर्षांतून एकदाच डाग असलेला बरा.

वाचनालयातले ते गृहस्थ केंद्रावर भेटले. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, ‘‘पेपरात तीनदा जाहिरात आली हो आमच्याची. दोन गुन्हे. राजकीय आहेत.’’

२६ नोव्हेंबर, मंगळवार

केळवण्याहून नवे तांदूळ आले, हातसडीचे नव्हेत पण गिरणीत एकदाच काढलेले. लालसर झाक आहे. सूनबाई म्हणाली, ‘‘आई, हे पांढरे होणार नाहीत का?’’ होतील, गिरणीत आणखी पॉलिश मारलं की होतील. कोंडा जाईल, त्याच्याबरोबर ब जीवनसत्त्व जाईल, आणि दाणा हिऱ्यासारखा चमकेल. बेरीबेरीचा रोग पॉलिशच्या तांदळाने होतो हे डच डॉक्टर आइकमन याला जावामध्ये कोंबड्यांवरून सुचलं, त्याबद्दल १९२९ साली त्याला नोबेल मिळालं. कोंबड्यांना हॉस्पिटलातला पांढरा भात घातला की त्या लंगडायच्या, कोंडा दिला की बऱ्या व्हायच्या. सुनेने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि लालसर तांदळाचा भात टाकला. गोड लागला. नवा तांदूळ असल्यामुळे जरा चिकट.

४ डिसेंबर, बुधवार

तिसऱ्या मजल्यावरच्या गोवेकर बाई किल्ली ठेवायला आल्या. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवाचं प्रदर्शन चालू आहे, ५ जानेवारीपर्यंत, आणि त्यांना पणजीचं फेस्तही गाठायचंय. पणजीच्या पांढऱ्या चर्चमधलं, चढत्या जिन्यांचं. तिथे १५४१ पासून प्रार्थनास्थळ आहे, आताची इमारत १६१९ ची. तिथल्या सायबिणीचं, म्हणजे मरियेचं, कोंकणीतलं नाव मला फार आवडतं : निष्कळंक गर्भसंभव सायबीण.

मी बरेच दिवस तोच शब्द घेऊन बसले होते, म्हणून त्यांना विचारलं, यातलं निष्कळंक म्हणजे नेमकं काय? येशूच्या जन्माबद्दल ना? त्या मान हलवून म्हणाल्या, ‘‘सगळे हेच चुकतात. आमचेसुद्धा.’’ मग समजावून सांगितलं. ही गोष्ट मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाची. आदिपापाचा जो डाग प्रत्येक माणसाला जन्माबरोबर लागतो तो तिला लागलाच नाही, पहिल्या क्षणापासून, अशी श्रद्धा. पोप नववे पायस यांनी १८५४ साली ८ डिसेंबरला ते अधिकृत केलं, फेस्तही त्याच सुमाराला.

‘‘आणि बाकीच्यांचं?’’

‘‘बाकीच्यांचा बाप्तिस्मा. डोक्यावर पाणी.’’

मी त्यांना अक्षता आणि धुतल्या तांदळाचा माझा हिशेब सांगितला. सायबीण अक्षत, आणि बाकीची माणसं धुतलेली, असंच ना? त्या जरा विचारात पडल्या. मला वाटलं, त्यांना देवाधर्माची थट्टा वाटली की काय. पण त्या म्हणाल्या, पाद्री विचारेल तर असं सांगायला हरकत नाही, फक्त तांदळाऐवजी दुसरं काहीतरी म्हणावं लागेल, कारण फेस्ताच्या जेवणात त्यांच्याकडे तांदूळ धुण्याचं काम दरवर्षी धाकट्या जावेकडे असतं आणि ती एकदाच धुते. मग त्यांनी पर्स उघडून गाडीचं तिकीट काढलं. करमळीचं आहे की थिवीचं हे बारीक अक्षरात दिसेना, म्हणून माझा चष्मा मागितला.